बूट कोणी निवडायचे?

सकाळी आठाच्या सुमारास चिंचोटी फाट्याशी उभे राहून कामण, वालीव, सातिवलीच्या गाळ्यांकडे निघालेल्या कामगारांच्या पायांकडे पाहावे. अनेकांच्या पायांत रबरी चपला दिसतात; ज्यांच्या पायांत बूट आहेत त्यांनी ते बहुधा पदरमोड करून घेतलेले असतात. ही माणसे ज्या गाळ्यांत शिरतात तेथे कोठे थिनर आणि रंग हाताळले जातात, कोठे भुकटी पिंपातून ओतली जाते, तर कोठे इलेक्ट्रॉनिक उपकरणे जोडली जातात. अशा ठिकाणी पायांत काय घालावे हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. वस्तुतः तो कामगाराच्या जिवाचा प्रश्न आहे.

चालताना, भुकटी ओतताना, प्लॅस्टिकचा कागद सोडवताना अंगावर स्थितिक विद्युतभार साचतो. रबरी तळवा तो जमिनीत उतरू देत नाही. मग धातूच्या पिंपाला बोट लागताच ठिणगी उडते. सुमारे ३,००० व्होल्टपर्यंतचा असा भार माणसाला जाणवतही नाही. शरीराची विद्युतधारिता १०० पिकोफॅरड धरली, तर एवढ्या भारात ०.४५ मिलिज्यूल ऊर्जा असते. आणि टोल्युईनची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल तर ती पेटण्यास ०.२४ मिलिज्यूल पुरते. याचा अर्थ असा की, कामगाराला जी ठिणगी जेमतेम टोचते, ती आग लावण्यास लागणाऱ्या ठिणगीच्या जवळजवळ दुप्पट असते! इलेक्ट्रॉनिक सुटे भाग तर शंभराहून कमी व्होल्टनेही निकामी होऊ शकतात. पावसाळ्याच्या दमट हवेत हा धोका कमी असतो. हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत आणि वातानुकूलित खोलीत तो वाढतो.

म्हणून येथे ‘महाग तो चांगला’ हा बाजारी न्याय चालत नाही. वीजतंत्र्याचा बूट वीज रोखण्यासाठी बनविलेला असतो. तो थिनरच्या खोलीत घातला तर भार अंगावर साचत राहतो. याउलट, एक लाख ओहमहून कमी रोधाचा संवाहक बूट भार झटपट उतरवितो, परंतु जिवंत तारेशी संपर्क आला तर तोच घातक ठरतो. बहुसंख्य ठिकाणी हवा तो यांच्या मधला, म्हणजे एक लाख ते शंभर कोटी ओहम रोधाचा स्थितिरोधी बूट. सुरक्षा पादत्राणांच्या आयएस १५२९८ या भारतीय मानकात त्याची खूण ‘ए’ ही आहे. ‘एस-१’ श्रेणीत हा गुण अंतर्भूत असतो. ‘एसबी’ एवढेच लिहिलेल्या बुटात तो असेलच असे नाही. विजेच्या धक्क्यापासून मात्र हा बूट पुरेसे संरक्षण देत नाही, हेही कामगाराला सांगितले पाहिजे.

शिवाय नुसता बूट काहीच करीत नाही. जमीन भार वाहून नेणारी नसेल, तळव्यावर रंगाचा थर वाळला असेल किंवा आत जाड गादी घातली असेल, तर उत्तम बूटही कुचकामी ठरतो. म्हणूनच दाराशी तपासणीचे छोटे यंत्र ठेवून पाळीच्या आरंभी प्रत्येकाचा रोध मोजणे आवश्यक असते. जमीन, यंत्र आणि बूट यांचा असा मेळ एकटा कामगार दुकानात उभा राहून घालू शकेल काय?

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर बूट हा उत्पादनखर्चाचा भाग आहे. तो कामगाराच्या खिशातून काढणे म्हणजे छुपी वेतनकपात होय. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ११४ ने अशी आकारणी निषिद्ध ठरविली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ६ नेही सुरक्षेच्या साधनांचा खर्च कामगाराकडून घेण्यास मनाई केली आहे. पण याच संहितेने वीज वापरणाऱ्या ‘कारखान्या’ची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर नेली. दहा कामगारांच्या आस्थापनेला मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये लागू आहेत हे खरे. पण बारा-पंधरा माणसांचा गाळा आता कारखानाच उरत नाही, आणि ठिणगी तर माणसे मोजून पडत नाही!

‘कामगारच बूट घालत नाहीत’ अशी मालकांची तक्रार असते. तिच्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. चुकीच्या मापाचे, जड, पाय सोलणारे बूट तुकड्यावर काम करणारा माणूस भिरकावून देणारच. यास्तव निवडीतच त्याचा सहभाग हवा.

आपल्या कार्यकर्त्यांनी गाळ्यागाळ्यात जाऊन चार गोष्टींचा आग्रह धरावा: कामाच्या स्वरूपानुसार बूट, ठेकेदाराच्या माणसांसह सर्वांना ते विनामूल्य, जमिनीची व बुटांची नियमित तपासणी, आणि निवडीत कामगारांचा शब्द. या मागण्या लहान आहेत. पण आगीनंतर नुकसानभरपाईसाठी मोर्चा काढण्यापेक्षा आगीआधी बुटांसाठी भांडणे हे संघटनेचे अधिक मोठे काम आहे.