‘गमतीनं म्हणतो रे!’

‘चिंकी’, ‘मोमो’ ही नावं कॅम्पसवर इतकी रुळलीत की ठेवणाऱ्याला त्यात काही वावगं वाटतच नाही. ‘गमतीनं म्हणतो रे, तो पण हसतो की!’ अख्ख्या होस्टेलात ते पाच जण. हसण्यावाचून करणार काय?

पण मला बोलायचंय ते नावांपेक्षा व्यवस्थेबद्दल. माझा मणिपूरचा रूम पार्टनर बाहेर खोली शोधत होता. फोनवर मालक ‘या बघायला’ म्हणायचे, दारात चेहरा दिसला की खोली ‘कालच गेली’. दुसऱ्या दिवशी मी त्याच खोलीसाठी फोन केला, तर रिकामी! मालक म्हणे, सोसायटीला चालत नाही. सोसायटी म्हणे, त्यांच्या स्वयंपाकाचा वास येतो (आमच्या सुकटीला जणू अत्तराचा येतो!). एजंट म्हणे, मी काय करू? कंट्रोल सिस्टीम्समध्ये शिकतो तसंच आहे हे. एकेक ब्लॉक थोडी थोडी एरर पुढे ढकलतो, आणि आउटपुटला जबाबदार कोणीच नाही.

ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांचे एसेमेस फिरले आणि पुणे-बंगलोरहून ईशान्येकडचे हजारो लोक गुवाहाटीच्या गाड्यांत बसले. एसेमेस खोटे होते, पण त्यांना ते खरे वाटले, कारण आपल्याला इथे कोणी वाचवेल असा भरवसा आपण कधी दिलाच नव्हता. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या निडो तानियाच्या केसांवरून टिंगल झाली, मग मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. सुरुवात गमतीनंच झाली होती. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीनं कडक कायदा सुचवला, ईशान्येचा इतिहास अभ्यासक्रमात घ्या असंही सांगितलं. तरी २०२० मध्ये त्याच चेहऱ्यांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या.

आता आपल्या हातातलं. यूजीसीनं २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत वंश, रंग, प्रांत, भाषा यांवरून दिलेला त्रासही घातलाय. अॅडमिशनच्या वेळी आपण न वाचता सही करतो ना, ते अँटी-रॅगिंगचं हमीपत्र यालाही लागू आहे. मेसमधली ‘गंमत’ त्यातच मोडते, हे रेक्टर सरांनी पहिल्याच दिवशी फर्स्ट इयरला सांगावं.

आणि ती खोल्यांची यादी! दर वर्षी आपण सिनियर्सच ज्युनियर्सना मालकांचे नंबर देतो. चेहरा बघून नकार देणाऱ्यांची नावं त्यातून खोडू या, आणि का खोडली ते त्यांना फोन करून सांगू या. एक जून-जुलै खोली रिकामी राहिली की सोसायटीशी भांडायला मालक स्वतःच जाईल. माझ्याकडे आत्ता चार नावं आहेत. तुमच्याकडची आणून द्या, सबमिशनच्या आधी.