गळाची काठी आणि पाठवणाऱ्याची जबाबदारी

कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग एकेकाळी कर्झन रोड या नावाने ओळखला जात असे. याच मार्गावर २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदन उभे आहे. राजधानीत येणाऱ्या मराठी माणसाबरोबर येथे गावाकडचे सामानही येते. वैशाखात हापूसच्या पेट्या येतात. उत्तराखंडातील नद्यांकडे निघालेल्या हौशी गळकऱ्याच्या खांद्यावर काठ्यांची लांबट पिशवीही असू शकते. या दोन वस्तूंपैकी अधिक नाशवंत कोणती असे विचारले, तर कोणीही आंब्याकडेच बोट दाखवील. तरीही प्रवासात अधिक जपली जाते ती आंब्याचीच पेटी, आणि मोडते ती काठी.

याचे कारण उघड आहे. फळ नासले तर तोटा आपलाच, हे कोकणातील बागायतदाराला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक झाले. म्हणून पेटीत पेंढा किती घालावा, हवेसाठी फटी कोठे ठेवाव्यात, फळ कोणत्या अवस्थेत भरावे, याचे शास्त्रच त्याने तयार केले. गळाच्या काठीला अशी परंपरा लाभली नाही. कोकणात खाडीच्या काठी गरवायला जाणाऱ्याची बांबूची काठी वळचणीला खोचलेली असे. तंगूस आणि गळ खिशात मावत. त्या काठीला प्रवास नव्हता, म्हणून वेष्टनाचा प्रश्नही नव्हता. छंद दूरच्या नद्यांपर्यंत पोहोचला, काठी महाग झाली आणि ती आगगाडी, विमान व कुरिअरच्या हाती जाऊ लागली. सवय मात्र वळचणीचीच राहिली. कापडी पिशवी, दोन सुतळ्या आणि वर ‘जपून हाताळा’ अशी चिठ्ठी, एवढ्यावर अनेकांचे समाधान होते.

काठीचा स्वभाव

कोणत्याही वस्तूचे वेष्टन ठरवण्यापूर्वी ती वस्तू कशाने बिघडते हे समजून घ्यावे लागते. गळाच्या काठीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबूच्या पट्ट्या चिकटवून काठ्या बनू लागल्या, तेव्हा त्यासाठी लागणारा बांबू भारतातून जात असे. तेथील कारागिरांत तो ‘कलकत्ता केन’ या नावानेच प्रसिद्ध होता. पुढे चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या आणि १९७० च्या दशकात कार्बन तंतूच्या काठ्या बाजारात आल्या. काठी उत्तरोत्तर हलकी होत गेली, तसा तिचा स्वभावही बदलला.

कार्बन तंतूची काठी वाकण्यासाठी घडवलेली असते. मोठा मासा ओढ घेतो तेव्हा ती कमानीसारखी झुकते आणि पुन्हा सरळ होते. मात्र तिची भिंत पातळ व आतून पोकळ असते. कडेने बसलेला टोला किंवा वरून पडलेला भार तिला सोसत नाही. शिशाचे वजन असलेली पिशवी तिच्यावर आदळली, तर तंतूंना बारीकशी चीर जाते. ही चीर डोळ्यांना दिसतेच असे नाही. काठी वरकरणी धडधाकट राहते आणि पुढे नदीकाठी, पहिल्या मोठ्या ओढीला, नेमकी त्याच जागी मोडते. दोरा ज्यांतून जातो त्या कड्यांचेही तसेच आहे. कड्याच्या आतील चिनी मातीसारख्या कठीण अस्तराला तडा गेला की तो दोरा कापत राहतो. दोष मात्र तंगुसाला दिला जातो.

असे नुकसान उशिरा उघडकीस येते, ही यातील खरी अडचण आहे. तोवर पोचपावतीवर सही झालेली असते आणि तक्रारीची मुदतही अनेकदा उलटून गेलेली असते.

वळवणचा धडा

नाजूक वस्तू दूर पाठवण्याचे एक उत्तम उदाहरण मासेमारीच्याच क्षेत्रात, महाराष्ट्राच्या भूमीत घडलेले आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकात दख्खनच्या महासीर माशाच्या कृत्रिम प्रजननाचे काम झाले. महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले ही त्या कामाशी निगडित असलेली नावे. गळकऱ्यांना प्रिय असलेला हा मासा दूरच्या जलाशयांत सोडायचा, तर त्याचे बीज तेथवर न्यायला हवे. जिवंत पिल्ले न्यायची म्हणजे पाणी, प्राणवायू आणि वजन यांचा मोठा खटाटोप.

या संशोधकांनी माशाच्या अंड्याचाच स्वभाव अभ्यासला. फलित अंड्याला काही काळ वाहते पाणी नसले तरी चालते. ओलावा आणि हवा मात्र हवी, हे त्यांनी ओळखले. मग ओल्या कापसाच्या थरांत अंडी ठेवून ती विमानाने दूरवर धाडण्यात आली. पाण्याचे ओझे टळले आणि बीजही सुखरूप पोहोचले. वेष्टनाची सामग्री कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारी होती. वस्तूला नेमके काय सोसते आणि काय सोसत नाही याचे ज्ञान मात्र परिश्रमाने मिळवलेले होते.

काठीच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते, आणि त्यालाही मोठा खर्च लागत नाही. नळांचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळणारी पीव्हीसीची जाड नळी व दोन्ही टोकांना घट्ट बसणारी टोपणे ही काठीची उत्तम म्यान ठरते. काठीचे तुकडे सुटे करून, शेंड्याचा नाजूक तुकडा जाड तुकड्यांच्या मध्ये ठेवून, मऊ पट्टीने एकत्र बांधावेत व कापडी पिशवीत घालावेत. नळीच्या दोन्ही टोकांशी फोमच्या जाड गाद्या द्याव्यात. कारण नळी उभी आदळली की काठी भाल्यासारखी टोपण फोडून बाहेर येते. रीळ नेहमी काढून, गुंडाळून, वेगळ्या खोक्यात ठेवावे. गळांची टोके बुचात खुपसावीत. शिशाची वजने काठीच्या शेजारी कदापि नसावीत. गोल नळी गडगडू नये म्हणून तिला सपाट फळी बांधावी. पत्ता बाहेर लिहावाच, शिवाय नळीच्या आतही एक चिठ्ठी ठेवावी. शेवटी नळी हलवून पाहावी. आतून आवाज आला तर काम अपुरे आहे असे समजावे.

विमानाने जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अणकुचीदार गळ हातातल्या सामानात चालत नाहीत. पॉवर बँक व सुट्या लिथियम बॅटऱ्या यांचे उलट आहे; त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात.

जाड लाकडी खोके अधिक सुरक्षित, असा समज काहींचा असतो. येथे हिशेब उपयोगी पडतो. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार ५,००० ने भागून येणारे वजन आकारणीसाठी धरतात. १५० × ३० × ३० सें.मी. खोक्याचे असे वजन २७ किलो भरते. १५० × १२ × १२ सें.मी. नळीचे ४.३२ किलो. चार तुकड्यांत सुटणारी प्रवासी काठी ७५ सें.मी. नळीत मावली तर ते २.१६ किलोवर येते. नेटके वेष्टन सुरक्षित असते आणि स्वस्तही पडते.

कायदा काय सांगतो

एवढी दक्षता कशाला, विमा आहेच, असे म्हणणारे अनेक भेटतात. बँकेच्या ग्राहकांनी हा गैरसमज विशेषत्वाने दूर करावा. मालवाहतुकीच्या विम्याच्या रूढ कलमांत अपुऱ्या किंवा अयोग्य वेष्टनामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये सदोष वेष्टनाच्या मालासंबंधी स्वतंत्र कलम आहे, ते ९८ वे. त्यान्वये रेल्वेची जबाबदारी बरीच मर्यादित होते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा मॉन्ट्रियल करार १९९९ चा असून भारत त्यात २००९ मध्ये सहभागी झाला. पाठवणाऱ्याने केलेल्या सदोष वेष्टनामुळे मालाचे नुकसान झाल्यास वाहतूकदाराला त्यात बचाव उपलब्ध आहे. वाहन कोणतेही असो, वेष्टनाचा भार कायद्याने पाठवणाऱ्याच्या माथी ठेवला आहे.

दुसरा मुद्दा मूल्य घोषित करण्याचा. रेल्वेच्या १९९० च्या नियमांनुसार, मूल्य घोषित करून जादा आकार भरलेला नसेल, तर नोंदलेल्या सामानाच्या भरपाईची मर्यादा किलोमागे १०० रुपये आहे. दोन किलोच्या नळीला २०० रुपये! आतील काठी वीस हजारांची असली तरी हिशेब बदलत नाही. आकार वाचवण्यासाठी मूल्य लपवणारा ग्राहक ही मर्यादा स्वतःच स्वीकारत असतो.

तिसरा मुद्दा मुदतीचा. मॉन्ट्रियल करारानुसार प्रवासी सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि मालाची १४ दिवसांत व्हावी लागते. म्हणून नळी हाती येताच, शक्यतो सही करण्यापूर्वी, उघडून प्रत्येक तुकडा उजेडात फिरवून पाहणे व बोट फिरवून चाचपणे अगत्याचे आहे. नदीवर पोहोचल्यावर पाहू, हे धोरण महागात पडते.

बँक व्यवहारातही हेच सूत्र आढळते. पतपत्राच्या व्यवहारांना लागू असणाऱ्या आणि २००७ पासून अमलात आलेल्या ‘यूसीपी ६००’ नियमांनुसार बँक स्वच्छ वाहतूक दस्तऐवजच स्वीकारते. म्हणजे ज्यावर माल अथवा त्याचे वेष्टन सदोष असल्याचा शेरा नाही असा. वेष्टनावरील एका शेऱ्याने निर्यातदाराचे देयक अडू शकते. निर्यातदार जी शिस्त व्यवसायात पाळतो, ती छंदाच्या वस्तूबाबत सोडून देण्याचे काही कारण नाही.

जबाबदारी एकाचीच नव्हे

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. शुल्क घेणारा वाहतूकदार सामान फेकाफेक करणार, आणि उपदेश मात्र ग्राहकालाच का? हा आक्षेप सर्वस्वी नाकारता येत नाही. सदोष वेष्टन ही वाहतूकदाराची सरसकट ढाल होता कामा नये. वेष्टन पाहून, तोलून, पैसे घेऊन सामान स्वीकारणाऱ्याने नंतर तेच वेष्टन अपुरे होते असे सांगणे न्याय्य वाटत नाही. लांब व नाजूक सामानासाठी कोणते वेष्टन अपेक्षित आहे, हे स्वीकृती खिडकीवरच, ग्राहकाच्या भाषेत, लेखी सांगितले गेले पाहिजे. मूल्य घोषित करावयाचे आहे का, हा प्रश्नही तेथेच विचारला गेला पाहिजे. कर्ज देताना बँक अटी आधी समजावून सांगते आणि मग सही घेते. वाहतूकदाराकडून तेवढीच अपेक्षा बाळगणे वावगे नाही.

परंतु ही सुधारणा होईपर्यंत ग्राहकाने हात जोडून बसावे काय? मजबूत वेष्टन हे ग्राहकाचे संरक्षण असते, तसाच तो त्याचा पुरावाही असतो. नळीत भरलेल्या काठीचे, बंद टोपणांचे व पावतीचे छायाचित्र ज्याच्यापाशी आहे, त्याच्यासमोर सदोष वेष्टनाचा बचाव टिकणे कठीण जाते. ज्याने कापडी पिशवीला सुतळी बांधली, त्याची बाजू न्याय्य असूनही लंगडी पडते. वाहतूकदाराची जबाबदारी सिद्ध करायची असेल, तर आधी आपली पार पाडलेली असावी लागते.

बँकेच्या सेवकवर्गाला हा विषय दूरचा वाटू नये. दर काही वर्षांनी बदलीचा आदेश येतो आणि घर ट्रकमध्ये चढते. भारतीय बँक महासंघाच्या शिफारसप्राप्त यादीतील वाहतूकदार निवडला तरी, घरातील तंबोरा, तसबीर किंवा गळाची काठी कशाने बिघडेल हे त्या वाहतूकदाराला ठाऊक नसते. ते घरच्यांनाच ठाऊक असते. ते ज्ञान वेष्टनात उतरवण्याचे काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

हिमालयातील सुवर्ण महासीर आज संकटग्रस्त आहे. परवाना घेऊन गळ टाकणारा जबाबदार गळकरी पकडलेला मासा अलगद पुन्हा पाण्यात सोडतो. जो हात माशाचे कल्ले न दुखावता गळ काढण्याइतका हळुवार असतो, त्याला काठी नीट बांधणे अवघड जाऊ नये. मुंबईहून वा पुण्याहून निघालेली काठी कस्तुरबा गांधी मार्गावर पोहोचेल तेव्हा तिने सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास केलेला असेल. पुढचा डोंगरातला रस्ता त्याहून खडतर आहे. तिचे भवितव्य मात्र घरातून निघतानाच, वेष्टनाच्या अर्ध्या तासात, बव्हंशी ठरून गेलेले असते. तो अर्धा तास प्रत्येकाने काढावा, मूल्य खरे लिहावे आणि सामान हाती येताच उघडून पाहावे.