अस्सल आणि नक्कल

छायाचित्र लहान केले की बिघडते, सबब कोणासही पाठवावयाचे ते कॅमेऱ्यातून उतरले तसे, पूर्ण आकारातच पाठवावे, असा एक पक्ष सुशिक्षितांत चांगलाच रूढ झाला आहे. आणि आपले पूर्वज ज्या निष्ठेने सोवळे पाळीत त्याच निष्ठेने तो पाळणारे सद्गृहस्थ लग्नाच्या वीस फोटोंचे, प्रत्येकी पाच एमबीचे, गाठोडे एकाच ई-मेलला बांधतात व ते परत आले म्हणजे यंत्राला बोल लावतात. जीमेलची मर्यादा २५ एमबीची. शिवाय जोडलेली फाइल टपालात जाताना अक्षरांच्या संकेतात रूपांतरित होऊन सुमारे एक-तृतीयांशाने फुगते, हे त्यांच्या गावीही नसते.

या पक्षात तथ्यांश मुळीच नाही असे मात्र नव्हे. जेपेग ही चित्र साठविण्याची पद्धत काटकसरीची आहे. ती आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडून डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील टाकून देते, आणि तीच फाइल पुनःपुन्हा फेरफार करून साठविली तर ही झीज साचत जाते. परंतु यावरून निघते ते एवढेच की फेरफार अस्सलावर करू नये. लहान करणे हाच अपराध, हे यावरून निघत नाही. ४००० बाय ३००० पिक्सेलांचे चित्र १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर सबंध पाहावयाचे तर ते लहान होऊनच दिसणार. तुम्ही केले नाही तर पाहणाऱ्याचा संगणक करील, आणि त्याचा वेळ व डेटा तेवढा व्यर्थ जाईल.

दुसरा पक्ष याहून विद्वान, म्हणून याहून घातक. त्याचे सूत्र असे: वेबसाठी ७२ डीपीआय, छपाईसाठी ३००. याचा प्रत्यय मला एका नियतकालिकाला छायाचित्र पाठविताना आला. ‘फोटो ७२ डीपीआयचा आहे, चालणार नाही, ३००चा पाठवा,’ असा हुकूम आला. चित्र ४००० बाय ३००० पिक्सेलांचे होते. मी त्यातील एकाही पिक्सेलला हात न लावता फाइलीत नोंदलेला ७२ हा आकडा खोडून तेथे ३०० लिहिले आणि तेच चित्र उलट टपाली रवाना केले. उत्तर आले, ‘आता मस्त!’

हा ७२ आला कोठून? मुद्रकांचा एक पॉइंट म्हणजे जवळजवळ इंचाचा बहात्तरावा भाग. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल बसविले होते, जेणेकरून पडद्यावरचे माप कागदावरच्या मापाशी जुळावे. तो पडदा अडगळीत गेला, आकडा मात्र वतनासारखा वंशपरंपरा चालत आला. फाइलीतील डीपीआय ही केवळ शिफारस आहे; खरी मत्ता पिक्सेलांची. कागदाच्या इंचांनी पिक्सेलांना भागावे म्हणजे दर इंची भरणा निघतो: चार बाय सहा इंचांच्या प्रतीला ३०० च्या हिशेबाने १२०० बाय १८०० पुरतात.

आणि ते ३०० तरी ब्रह्मवाक्य कोठे आहे? निरोगी डोळा साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे ओळखतो. फूटभर अंतरावर हा हिशेब इंचाला सुमारे २८६ पिक्सेल असा पडतो, पाच फुटांवर ५७ आणि दहा फुटांवर अवघा २९. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला इंचाला तीस पिक्सेलही भागतात ते याच कारणाने. (त्या फ्लेक्सवरील मजकुराचे भागते असे माझे म्हणणे नाही.)

भरतीच्या अर्जांचा विषय थोडक्यात आटोपतो. आयबीपीएसच्या बँक परीक्षांच्या अर्जाला २०० बाय २३० पिक्सेलांचा, २० ते ५० केबीचा फोटो लागतो, आणि उमेदवार बारा मेगापिक्सेलांचे चित्र तसेच ठेवून दर्जाची पट्टी खाली ओढीत ते पन्नास केबीत कोंबू पाहतात. परिणामी चेहऱ्याच्या ठिकाणी नुसते चौकोन उरतात. २०० बाय २३० म्हणजे ४६ हजार पिक्सेल. आधी आकार कमी करावा, मग पन्नास केबी ऐसपैस होतात.

आता आमचे मंडन. जुन्या कचेरीत शिरस्ता होता की अस्सल दस्त दप्तरात राहावा आणि मागणाऱ्यास नक्कल मिळावी. छायाचित्रांस हाच शिरस्ता लावावा: अस्सल कधी छाटू नये, कधी लहान करू नये, आणि ज्या ठिकाणी चित्र जावयाचे त्या ठिकाणचे माप विचारून दर वेळी अस्सलावरून ताजी नक्कल काढावी. नकलेची नक्कल काढली की घोटाळा सुरू होतो, आणि आपल्याकडे तर बहुतेक कुटुंबांचे सारे दप्तरच व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे नकलांचे आहे.

आमच्या शेजाऱ्यांना दिवंगत वडिलांची बारा बाय सोळा इंचांची तसबीर भिंतीवर लावावयाची होती. फोटो होता नातीच्या लग्नातल्या समूहाचा; आजोबा डावीकडे, कडेला. मी त्यांच्याबरोबर स्टुडिओत गेलो. तेथील पोराने चित्र मोठे करून आजोबांभोवती चौकट ओढली, आकडा पाहिला आणि म्हणाला, “काका, हा व्हॉट्सअ‍ॅपचा आहे. ओरिजिनल आहे का?” चौकटीत ३०० बाय ४०० पिक्सेल होते; बारा इंचांत इंचाला पंचवीस. मूळ चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरच्यापेक्षा दोन्ही बाजूंनी अडीचपट होते. त्यात त्याच चौकटीला ७५० बाय १००० मिळाले असते, इंचाला ६२, म्हणजे पाच फुटांवरून पाहणाऱ्यास पुरेसे. एआयने वाढवून देतो, असेही तो म्हणाला. पण यंत्राने अदमासाने काढलेल्या सुरकुत्या वडिलांच्या म्हणून भिंतीवर लावणे शेजाऱ्यांना रुचले नाही, आणि मलाही नाही.

ओरिजिनल मुलाच्या मोबाइलमध्ये होते. मोबाइल भरला म्हणून त्याने दिवाळीत ते उडविले होते. तसबीर तीन बाय चार इंचांची झाली. ती भिंतीवर नाही, टेबलावर आहे.