झाडू कुणाच्या हातात? सेवेच्या तासाला हक्काचा धडा

बिदर / कलबुर्गी : कर्नाटकातल्या शाळांत 2023 पासून संविधानाची उद्देशिका वाचली जाते. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदची पोरंही न्याय, समता, बंधुता म्हणतात. पण शब्द तोंडपाठ झाला म्हणजे हक्क कळला असं नाही. तो कळायला शाळेबाहेर पडावं लागतं, आणि त्यासाठी समाजसेवेचा तास उपयोगी आहे.

अडचण अशी, की सेवा म्हटलं की आपल्याला आधी झाडू आठवतो. डिसेंबर 2023 मध्ये कोलार जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत दलित मुलांना शौचाच्या खड्ड्यात उतरवून सफाई करून घेतल्याचं उघड झालं. शाळेतल्या जबाबदार लोकांवर कारवाई झाली. मैला हातानं साफ करून घेण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. म्हणजे ज्या तासाला हक्क शिकवायचा, त्याच तासाला तो मोडू शकतो. म्हणून पहिला प्रश्न : झाडू सगळ्यांच्या हातात आहे, की ठरावीक घरच्या पोरांच्याच?

दुसरी वाटही आहे. मुलांनी गल्लीगल्लीत फिरून नोंद करावी : नळाला पाणी कुठं येतं, कुठं नाही, अंगणवाडी कोणत्या वस्तीपासून लांब आहे, ऊसतोडीला गेलेल्या घरातली किती पोरं शाळेबाहेर आहेत. मग हा कागद पंचायतीपुढं ठेवावा. कर्नाटकात 2006 पासून ‘मक्कळ ग्रामसभा’, म्हणजे मुलांची ग्रामसभा, घ्यायची सरकारी सूचना आहे. मुलांचं म्हणणं ऐकून घ्यावं, असं सांगणारा बालहक्क करार भारतानं 1992 मध्येच मान्य केला आहे.

आपल्या सीमाभागात मात्र एक गाठ आहे. सभा कन्नडमध्ये चालते, पोरगी विचार मराठीत करते, आणि मग ती गप्प बसते. संविधानाचं कलम 350 सांगतं, की गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. तेव्हा नोंदवही दोन्ही भाषांत लिहा. पोरांचं कन्नडही पक्कं होईल आणि मराठीत बोलायची भीडही जाईल. हा कन्नडशी झगडा नाही.

बसवण्णांच्या कल्याणात बाराव्या शतकात अनुभव मंटपात वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या कामांची माणसं एकत्र बसून बोलली. त्याच मातीतल्या शाळेत प्रत्येक पोराच्या हातात झाडू आला आणि प्रत्येकाला सभेत बोलायची पाळी मिळाली, तर उद्देशिकेतली समता पोरांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.