जपानी गोफ आणि आमच्या बायाबापड्यांचा सवाल

वरळी नाक्याजवळच्या जपानी बुद्ध विहारातला ढोल आपल्या पुष्कळ वाचकांच्या कानांना सवयीचा आहे. ज्यांच्या पंथाचे ते विहार, ते भिक्खू निचिदात्सु फुजी १९३१ साली भारतात आले. पण आज आम्ही विहारातल्या ढोलाविषयी नव्हे, जपानच्या दोरीविषयी लिहिणार आहोत.

सहाव्या शतकात कोरियामार्गे जपानला धम्म पोहोचला. त्याच्याबरोबर मूर्ती गेल्या, सूत्रांच्या गुंडाळ्या गेल्या आणि त्या बांधायचे रेशमी गोफही गेले. नारा येथील तोदाइजी महाविहाराच्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातले गोफ अजून जपून ठेवलेले आहेत. या कलेला तिकडे ‘कुमिहिमो’ म्हणतात. कुमि म्हणजे गुंफणे, हिमो म्हणजे दोरी.

शाळेच्या गॅदरिंगमधला टिपरी-गोफ आठवा. वर बांधलेल्या दोऱ्या हातात धरून मुले एकमेकांच्या आतून-बाहेरून फिरतात आणि डोक्यावर वेणी तयार होते. ‘मारुदाई’ नावाच्या जपानी घोडीवर हाच खेळ चालतो. चार पायांवर गुळगुळीत लाकडी चकती, मधोमध भोक. काठावरून धागे लोंबतात, प्रत्येकाला ‘तामा’ नावाची जड लाकडी रिळे. विणलेला गोफ भोकातून खाली उतरतो, त्याला मागे वजनाची पिशवी. पिशवी जड केली की गोफ सैल, हलकी केली की घट्ट. ‘ताकादाई’ ही दुसरी चौकट उंच आणि मोठी, तिच्यासमोर बसून चपट्या पट्ट्या विणतात.

सामुराईंची चिलखते अशाच दोऱ्यांनी जोडलेली असत. १८७६ साली तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि या कारागिरांचे मोठे गिऱ्हाईक गेले. मग बायकांच्या किमोनोच्या पट्ट्यावर बांधायच्या दोऱ्यांनी त्यांना तारले. १९८२ च्या संपानंतर आमच्या गिरणगावातल्या कामगाराला तारायला असे काही आले नाही. पुढे १९५६ मध्ये, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, जपान सरकारने फुकामी जुसुके या गोफकाराला राष्ट्रीय मान दिला.

हे आम्ही महिला मंडळात सांगितले तेव्हा एक मावशी उसळून म्हणाल्या, “दोऱ्या वळायला का आम्ही गाव सोडला?” सवाल खरा आहे. गावगाड्यात अंबाडी-केकताडाचे दोर वळणे मातंग बांधवांच्या जन्माला बांधलेले होते. ज्या हातांनी मोटेचा नाडा वळला, त्या हातांना त्याच विहिरीचे पाणी नव्हते. जपानही यातून सुटलेला नाही. तिथल्या चामडे कमावणाऱ्या बुराकू लोकांना अस्पृश्यच मानत. १८७१ च्या हुकुमाने कागदावर मुक्ती मिळाली, तरी १९२२ साली त्यांना स्वतःची संघटना काढावी लागली. बाबासाहेबांचा राग कामावर नव्हता, ते जन्मावरून लादण्यावर होता. म्हणून आमचे मत असे, की ज्या मुलाला आवडेल त्याने हौसेने शिकावे, अभ्यास मात्र आधी.

घोडी विकत आणायची गरज नाही. जाड पुठ्ठ्याची वितभर चकती कापा, मध्ये भोक पाडा, काठावर सारख्या अंतराने ३२ चिरा द्या. आठ लोकरी धाग्यांना एकत्र गाठ मारून ती भोकात सोडा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे दोन-दोन शेजारी धागे अडकवा. आता वरच्या जोडीतला उजवा धागा खालच्या जोडीच्या उजवीकडे आणा. खालच्या जोडीतला डावा वरच्या जोडीच्या डावीकडे न्या. चकती पाव फेरा फिरवा आणि पुन्हा तेच. फिरवण्याची दिशा बदलू नका, नाहीतर वीण बिघडते.

गोफ किल्लीला लावा, दप्तराला लावा. मनगटावर बांधला तरी हरकत नाही, फक्त कुणी त्याचा गंडा करू नये. गाठीला खाली एखादे जुने कुलूप टांगा. पहिला गोफ बहुधा सैलच येतो. तसे झाले तर कुलूप काढून हलकी किल्ली टांगून पाहा.