खर्च कोणी सोसावा?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’, ही म्हण आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो. परंतु अन्याय दुसऱ्याने केला, तर शहाण्यास तरी अन्य गती कोणती? आमच्या परिचयातील एका विधवा भगिनीने सामाईक भिंतीचा दावा ११ वर्षांनी जिंकला. भिंत राहिली, अंगावरचे दागिने मात्र तारखा आणि वकिलाची फी यांपायी गेले.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ३५ वे कलम सांगते की, खर्च सामान्यतः हरणाऱ्यावर बसावा. तसे न केल्यास न्यायाधीशाने कारणे नोंदवावीत. प्रत्यक्षात पदरी पडते ती रक्कम बहुधा नाममात्र. जाणूनबुजून केलेल्या खोट्या दाव्याबद्दलच्या भरपाईची कमाल मर्यादा १९७६ च्या दुरुस्तीने ३,००० रुपये ठरली. व्यापारी दावे वगळता मूळ कायद्यात ती आजही तेवढीच आहे.

तथापि हरणारा प्रत्येक जण लबाड नसतो. सारा खर्च सरसकट त्याच्या माथी मारल्यास गरीब माणूस खऱ्या तक्रारीसाठीही न्यायालयाचे दार ठोठावणार नाही. म्हणून आम्हांस वाटते, प्रामाणिकपणे हरणाऱ्यावर बेताचाच भार असावा. खोटेपणाने दुसऱ्यास खेचणाऱ्याकडून मात्र पै न् पै वसूल व्हावी. न्याय मिळाला, पण मिळविणारा नागवला गेला, तर त्यास न्याय कसे म्हणावे?