घरच्या डॉक्टराला मोल कशाचे द्यावे?

घरच्या डॉक्टराला पैसे कशाचे द्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हिशेबाचा वाटतो. आपल्या खेड्यापाड्यांत त्याचे उत्तर बहुधा ठरलेले आहे. माणूस आजारी पडला की दवाखाना गाठतो, तपासणीचे व सुईचे पैसे मोजतो आणि घरी परततो. म्हणजे गाव जितके आजारी, तितकी डॉक्टराची मिळकत अधिक. डॉक्टर सज्जन असला तर या रीतीचा उपद्रव होत नाही. तसा नसला तर साध्या पडशालाही सुई टोचली जाते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

ब्रिटनमध्ये 1948 साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा तेथे दुसरीच रीत सर्वांना लागू झाली. प्रत्येकाने जवळच्या एका डॉक्टराकडे नाव नोंदवावे, सरकारने त्या डॉक्टराला मुख्यतः नोंदलेल्या माणसांच्या संख्येप्रमाणे रक्कम द्यावी, आणि तपासणीसाठी रोग्याने खिशात हात घालू नये. रीत उत्तम, पण तिच्यातही एक उणीव होती. मनापासून राबणारा डॉक्टर आणि अंग चोरणारा डॉक्टर या दोघांच्या पदरात जवळजवळ सारखेच पडे.

ही उणीव भरून काढण्यासाठी 2004 च्या एप्रिलात तेथील सरकारने डॉक्टरांशी नवा करार केला. डॉक्टरांच्या कामासाठी 146 कसोट्या ठरल्या, त्यांना मिळून 1050 गुण ठेवले, आणि दर गुणामागे पैसे ठरले. रक्तदाबाच्या किती रोग्यांचा दाब 150 व 90 च्या आत आला? मधुमेह्यांची तपासणी वेळेवर झाली का? रोगी विडी-सिगारेट ओढतो की नाही, याची नोंद आहे का? डॉक्टराच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा अशा उत्तरांवर अवलंबून राहू लागला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असा प्रयोग जगात कोणी केला नव्हता.

सरकारचा अंदाज होता की डॉक्टर शेकडा 75 गुण मिळवतील. त्यांनी पहिल्याच वर्षी 90 हून अधिक मिळवले, आणि तिजोरीवरचा भार तितकाच वाढला. प्रश्नपत्रिका आधीच हाती दिल्यावर विद्यार्थी नापास कसे व्हावेत?

परंतु न्यायाने बोलावयाचे तर या करारापासून लाभही झाला. दमा व मधुमेह यांच्या रोग्यांची देखभाल आधीच सुधारत होती, ती काही काळ अधिक वेगाने सुधारली. श्रीमंत वस्तीतील दवाखाने व गरीब वस्तीतील दवाखाने यांच्या कामगिरीत पहिल्या वर्षी शेकडा 4 चे अंतर होते. तिसऱ्या वर्षी ते 1 हूनही कमी उरले. गरिबाच्या मधुमेहाकडे कोणी वहीत मांडून लक्ष दिले, ही गोष्ट आम्ही लहान मानत नाही.

दुसरी बाजू हळूहळू उघड झाली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की आरंभीची ती वाढ पुढे मंदावली. दमा व हृदयरोग यांच्या बाबतीत ज्या कामांना गुण नव्हते ती मागे पडली. आणि रोग्याला नेहमीचाच डॉक्टर भेटणे कमी झाले. रक्तदाबाच्या नोंदींत 150 च्या किंचित खालचे आकडे अधिक आढळू लागले, हेही अभ्यासकांच्या नजरेतून सुटले नाही. त्याच काळात रोग्याला 48 तासांच्या आत भेट मिळावी असा दंडक होता. तो पाळण्यासाठी काही दवाखान्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ देणेच बंद केले! 2005 च्या निवडणुकीच्या वेळी दूरदर्शनवर एका बाईने ही तक्रार पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यासमोर मांडली, तेव्हा ते चकित झाले.

2014 साली तर याहून विलक्षण प्रकार घडला. स्मृतिभ्रंशाचे निदान वाढावे म्हणून इंग्लंडात दर नव्या निदानामागे डॉक्टराला 55 पौंड देण्याची योजना निघाली. म्हाताऱ्या आईच्या विसरभोळेपणाला किंमत लागलेली पाहून लोकांत गहजब झाला, आणि पुढील मार्चअखेर ती योजना संपली.

आजाऱ्यांच्या घरी जाणे आमच्याही वाट्याला येते. पुष्कळदा असा अनुभव येतो की अर्धा तास गुडघेदुखीची कहाणी ऐकल्यावर, आम्ही उंबरठ्याशी पोहोचलो म्हणजे म्हातारा खरे दुखणे बोलून दाखवतो. मुलगा पत्र पाठवत नाही, सून जेवण वाढत नाही, रात्री झोप लागत नाही. डॉक्टरांचेही असेच होत असणार. दाराशी निघणाऱ्या या शब्दांसाठी 146 कसोट्यांत कोठली कसोटी बसवावी? करार करणाऱ्यांनी दहा मिनिटांच्या भेटीलाही गुण ठेवले होते. पण दहा मिनिटे मोजता येतात, त्यांत कान दिला की नाही हे मोजता येत नाही.

येथे वेल्समधील ग्लिनकोरुग या कोळसा-कामगारांच्या खेड्यातील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांची आठवण होते. ते कट्टर साम्यवादी होते, हेही सांगून टाकलेले बरे. गुणांची पद्धत येण्याच्या कितीतरी वर्षे आधी, 1960 नंतरच्या दशकात, त्यांनी आपल्या यादीतील प्रौढांचे रक्तदाब तपासण्याचा नेम धरला, आणि जे दवाखान्यात येत नसत त्यांचाही पाठपुरावा केला. पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशेब त्यांनी 1991 साली मांडला, तेव्हा शेजारच्या गावाच्या मानाने त्यांच्या गावात अकाली मृत्यू कमी असल्याचे दिसले. तेही मोजतच होते. पण ज्याला मोजायचे तो माणूस त्यांच्या ओळखीचा होता, आणि आकडा चुकला तर खंत त्यांना स्वतःला लागे.

आमचे मत विचाराल तर पैशाने विसराळू डॉक्टराला आठवण करून द्यावी. त्याच्या मिळकतीचा चौथा हिस्सा मात्र त्यावर टांगू नये. एकदा टांगला की सोडवणेही सोपे नाही. 2014 साली इंग्लंडात काही कसोट्यांचे पैसे बंद झाले, तेव्हा त्या कामांच्या नोंदी लगेच घसरल्या. रोग्याला पथ्यपाण्याचा सल्ला दिल्याच्या नोंदी तर सर्वांत जास्त.

स्कॉटलंडने 2016 साली ही पद्धत मोडीत काढली. गुणांचा पैसा डॉक्टरांच्या मूळ रकमेत मिळवला, आणि शेजारशेजारच्या दवाखान्यांचे गट करून डॉक्टरांनी एकमेकांचे काम आपसांत तपासावे असे ठरवले. इंग्लंडने ती पुष्कळ छाटली, पण टाकली नाही.